सुतकातली गिरणी

सोपानराव बुधवारी गेले आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी आळीतल्या सगळ्या छपरांवरचं सोलर बंद पडलं. मयताच्या गडबडीत कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच झालं, तेव्हा शेजारचा धोंडीबा म्हणाला, म्हातारा जाताना ऊन घेऊन गेला.

म्हाताऱ्याचा लौकिकच तसा होता. चाकणच्या अंगाला असलेल्या त्या गावात पहिलं सोलर त्यांनीच बसवलं, तेही सगळ्यांत मोठं. सकाळी पॅनल पुसताना ते बैलांशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलत आणि ती आपल्या धाकानंच चालतात, असं येईल त्याला ऐकवत. त्यांची मुलगी तनुजा हिंजवडीत नोकरीला. वडिलांना इन्व्हर्टरचं ॲप शिकवायचा नाद तिनं कधीच सोडला होता.

तक्रारी गेल्या म्हणून त्या दुसऱ्या गुरुवारीच दुपारी वीज कंपनीचे इंजिनियर शेखर आले. खांबावर माप घेऊन त्यांनी सांगितलं ते असं, की गुरुवारी कंपन्यांना आणि मागच्या वर्कशॉपना सुट्टी. लेथ बंद, ऊन मात्र रोजचंच. छपरांवरची वीज वापरायला कुणी नाही, मग ती लाइनीत दाटते, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर जिवाच्या भीतीनं आपणहून बंद होतात. मोठी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मंजूर आहे, पण यायला वेळ लागेल. तोवर एखादं मोठं छप्पर लाइनीवरून काढावं लागेल.

सगळ्यांनी सोपानरावांच्या छपराकडे पाहिलं.

"गेल्याल्या माणसाला कशाला पायजे वीज?" धोंडीबा म्हणाला.

तनुजाही वर बघत राहिली. पॅनलवर आठवड्याची धूळ बसली होती. वडिलांच्या हातचं एवढंच काय ते अजून चालू होतं, आणि आता तेही खाली उतरवायचं चाललं होतं.

"पण आधीचे गुरुवार कसे गेले?" शेखरांनी विचारलं. "सुट्टी तर तेव्हाही होती."

"तवा सोपानराव जित्ता हुता," धोंडीबा म्हणाला.

लोक गालात हसले. तनुजा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे गुरुवारची पडवी आली. सुट्टीवरचे कामगार दळणाचे डबे घेऊन ओळीनं उभे, आणि वडील पिठानं पांढरेफटक, भुतासारखे, दिवसभर गिरणीपाशी. सुतक लागल्यापासून त्या पडवीला कुलूप होतं.

"गिरणी चालवली तर?"

मोटर दहा हॉर्सची आहे कळल्यावर शेखर म्हणाले, बघायला हरकत नाही. मग त्यांची नजर आत फोटोपुढच्या दिव्यावर गेली.

चुलते उद्धवराव म्हणाले, उद्या दहावा, आणि आज दळण? सुतकातलं पीठ गावात खाईल कोण? इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या तनुजाच्या आई, मंजुळाबाई, तेव्हा बोलल्या.

"भावजी, त्यांनी जल्मात कधी गुरुवारी गिरणी बंद ठेवली न्हाई. ही तनू झाली त्यो गुरुवारच हुता. मी आत कळा देतेय आन् भाईर ह्यांचा पट्टा फडफडतोय."

हे तनुजाला पहिल्यांदाच कळत होतं. वडिलांना शिव्या घालाव्यात की रडावं, हे तिला चटकन ठरवता येईना. तिनं कुलूप काढलं.

दळायचं काय, हा प्रश्न धोंडीबानं सोडवला. घरी जाऊन तो मक्याचं पोतं घेऊन आला. "भरडून दे. माझ्या म्हशीला सुतक न्हाई."

उद्धवरावांनी तोंड उघडलं, पण म्हशीबद्दल शास्त्रात काही आठवेना, म्हणून मिटलं.

तनुजानं खटका दाबला. पट्टा सरसरला, दगड गुरगुरला, मका आत पडू लागला. बाहेर शेखर खांबापाशी मीटर धरून उभे होते. व्होल्टेज हळूहळू उतरलं. थोड्या वेळानं एकेका घरातून आवाज आले, लागलं, आमचंबी लागलं. सोपानरावांचा इन्व्हर्टर सगळ्यांच्या शेवटी हिरवा झाला, मानपान सांभाळून.

शेखर म्हणाले, तुमचं छप्पर काढत नाही. मात्र डीपी बदलेपर्यंत दर गुरुवारी दुपारी गिरणी चालायला हवी. एक गुरुवार चुकला तर माझा नाइलाज. तनुजा म्हणाली, गुरुवारी मी घरूनच काम करीन. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा आवाज कसा लागेल, ते तिनं आत्ताच मनात आणलं नाही.

धोंडीबानं पोत्यात हात घालून भरड चिमटीत चोळली.

"लई बारीक झालं. सोपानराव असं न्हवता दळत."

तनुजाच्या केसांवर, भुवयांवर मक्याची पिवळी भुकटी बसली होती. तिनं डोळे पुसले. भुकटीनं ते आधीच लाल झाले होते, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

"पुढच्या गुरुवारी या, काका," ती म्हणाली. "जाड देते."