पाठवलेल्या मेलची फाइल

बॉयलर फुटून दोन मजूर गेले आणि कारखान्याने सगळं आल्हादवर ढकललं. सुरक्षेचं काम त्याच्याकडेच होतं. जेलमध्ये भेटायला येणाऱ्या बायकोला, केतकीला, तो दर वेळी एकच सांगायचा, "फेब्रुवारीतच मी साहेबांना मेल केला होता, बॉयलर बंद करा म्हणून. तेवढा मेल निघू दे, मी सुटेन." कारखाना म्हणत होता, असा मेल आलाच नाही.

२००३चा जून होता. पोलीस ठाण्यात जप्त असलेला आल्हादचा कारखान्यातला कॉम्प्युटर तपासायला कोर्टाने एकच दिवस दिला. टावर चौकात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या तुषारला नेमलं आणि केतकीला समोर बसायची परवानगी मिळाली.

मूळ डिस्कला हात लागू नये म्हणून तुषारने आधी तिची नक्कल केली. त्यातच दुपारचे दोन वाजले. मग त्याने नकलेतले मेल उघडले. सगळं रिकामं होतं. अपघातानंतर कुणीतरी पुसून काढलं होतं.

"आता काय, भाऊ?"

"जुने मेल मशीन आपणहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, वहिनी. ती फाइल बहुतेक त्यांच्या लक्षात आली नसेल."

तीन वेळा शोधूनही फाइल सापडेना. हवालदार म्हणाला, "पाँच बजे सील लगेगी, मैडम." केतकीने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

चार वाजता तुषारने कपाळावर हात मारला. "लपवलेले फोल्डर शोधात येतच नव्हते. ती खूण करायची राहिली माझ्याकडून."

या वेळी फाइल निघाली. पाठवलेल्या मेलमध्ये फेब्रुवारीचा तो मेल होता, बॉयलर बंद करा असं स्पष्ट लिहिलेला. केतकीला रडू आलं.

त्याच्यानंतर दोन दिवसांनी पाठवलेला आणखी एक मेल होता. खाली साहेबांचं उत्तर जोडलेलं होतं, 'ऑर्डर पूरी होने तक चलाओ.' आणि वर आल्हादने लिहिलं होतं, 'ठीक है सर, चला लेंगे.'

केतकीने तो दोनदा वाचला.

"हा दुसरा सोडून देता येईल?" तिने हळूच विचारलं.

"नाही, वहिनी. कोर्टात फाइल पूर्ण जाते."

साहेबांनाही अटक झाली. आल्हादचा जामीन मात्र पुन्हा नामंजूर झाला.

पुढच्या भेटीत जाळीपलीकडून त्याने विचारलं, "मिळाला?"

"मिळाला. दोन्ही मिळाले."

त्याने जाळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "नोकरी गेली असती, केतकी."

"मला का नाही सांगितलंस?"

वेळ संपेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.