मुखेडची केस

या मित्रांनो, बसा. तो स्टूल वढा जरा, करकरतो, पण मोडत न्हाई. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोड न्हाई हां, आधीच सांगून ठेवतो. माझं टाळकं आज जागेवर न्हाई.

मी एक जुना स्लिट लॅम्प हाय. नाव अवघड, काम सोपं. डोळ्याच्या दवाखान्यात टेबलावर जे यंत्र असतं ना, ज्याच्यावर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, अन् पलीकडून डॉक्टर डोळ्यात उजेडाची बारीक चीर टाकून बघतात, तो मी. डोळ्यात कुसळ असू दे, फूल पडू दे, मोतीबिंदू असू दे, माझ्यापुढं काही लपत न्हाई.

पस्तीस वर्षांखाली मी लाकडी पेटीत, भुश्शात दडून आलो. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या दवाखान्यात मला बसवलं. कॉलेजचं नाव सांगत न्हाई. तवा आप्पासाहेब नावाचे मोठे डॉक्टर होते. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं, जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले अन् तंबूत नेऊन मांडलं. ढिगाऱ्यातनं निघालेल्या माणसांच्या डोळ्यात माती, चुना, काय काय होतं! आठ दिवस माझी बत्ती विझली न्हाई. पण तिथंबी, तशा आकांतातबी, आप्पासाहेब आधी माणसाचं नाव विचारायचे, गाव विचारायचे, अन् मग माझं बटण दाबायचे. एखाद्या शिकाऊ पोरानं नाव न विचारता बत्ती लावली की खेकसायचे, "अरे, शेळीचा डोळा बघून राहिलास का?"

आप्पासाहेब गेले. नवी यंत्रं आली, पडद्यावर डोळा दाखवणारी. मला कोपऱ्यात सारलं. आता माझ्यावर फक्त पोरं शिकायची अन् परीक्षा व्हायच्या. त्याचंबी मला वाईट वाटलं न्हाई. म्हाताऱ्यानं कोपऱ्यात बसावं, चार पोरं शिकवावी, काय बिघडलं?

बिघडलं ते पुढं ऐका.

या डॉक्टर लोकांच्या परीक्षेत खराखुरा आजारी माणूस बसवावा लागतो. तो बघून पोरांनी ओळखायचं, आजार कोणता. असे ठरलेले लोक असतात. परीक्षा आली की त्यांना फोन जातो, येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट अन् दुपारचं जेवण दवाखान्याचं. त्यांना म्हणतात 'केस'. चांगली केस मिळाली की सर लोक लई खूश.

दहा वर्षांखाली मुखेडच्या शिबिरात त्यांना अशीच एक बाई सापडली. नागुबाई. साठीला टेकलेली, काटक, तोंडाची फटकळ. गोधड्या शिवून पोट भरायची. डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं म्हणून आली होती. तिच्या डोळ्यात, आतल्या भिंगाच्या कडंला, पांढरा कोंडा साचलेला. केसातला कोंडा असतो तसा, बारीक बारीक. दिसायला लई सुरेख. पण तो कोंडा हळूहळू डोळ्यातल्या पाण्याची वाट बुजवतो. पाणी तुंबतं, डोळ्याचा दाब वाढतो अन् नजर कडंकडंनं मरत जाते. दुखत न्हाई, खुपत न्हाई. रोज थेंब टाकले तर थांबतं. न्हाई टाकले तर माणूस आंधळा.

सरांनी तिला बघितलं अन् म्हणाले, "वा! सुंदर केस आहे! हिचा फोन नंबर घ्या रे."

झालं. तवापासून दरवर्षी परीक्षेला नागुबाई. आमचा शिपाई ग्यानोबा तिला बाकावर बसवायचा, डोळ्यातली काळी बाहुली मोठी करायचे थेंब टाकायचा, माझ्या हनुवटीच्या खाचेतला कागद बदलायचा, अन् हाक मारायचा, "मुखेडची केस आली, सर!" मग एकेक पोरगं येऊन बसणार, उजेड टाकणार, कागदावर आजाराचं नाव लिहिणार. बरोबर लिहायचे हो, सगळे बरोबर लिहायचे! टाळकं सणकतं ते इथंच. दहा वर्षात एकाचंबी उत्तर चुकलं न्हाई अन् एकानंबी औषध दिलं न्हाई. पोराला वाटे, सरांनी दिलं असंल. सरांना वाटे, ओपीडीत चालू असंल. ओपीडीला तर ती मालूमच न्हाई, कारण तिचा कागद परीक्षेच्या कपाटात.

अन् मी? मी उजेड दाखवत राहिलो. मला तोंड न्हाई, पण कान हायेत. बाकावर बसून ती ग्यानोबाशी बोलायची ते ऐकत होतो.

पहिल्या वर्षी म्हणाली, "सुईत दोरा मीच ओवते, पर जरा येळ लागून राहिला."

तिसऱ्या वर्षी म्हणाली, "शेजारची साक्षी शाळेला जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवते बघ. गुणाची पोरगी."

सहाव्या वर्षी, "टाके वाकडे यायलेत म्हणं. बायकांनी दोन गोधड्या परत केल्या."

अन् यंदा, "सुई सोडली रे ग्यानोबा. आता नुसत्या चिंध्या फाडून देते दुसरीला. दारातनं जाताना चौकट लागते डोक्याला. कडंचं दिसतच न्हाई, नळीतून बघावं तसं झालंय."

ग्यानोबा म्हणाला, "मावशी, वय झालं आता."

वय! माझं वय न्हाई झालं का?

तर यंदा परीक्षा न्हाई, त्याहून मोठा सोहळा होता. डोळे विभागाची वार्षिक संशोधन परिषद अन् जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलन, दोन्ही एकाच दिवशी. सभागृहात फलक, निळे बिल्ले, बाहेर जिलेबीचा घाणा. मला पुसूनबिसून मंचाच्या बाजूला मांडलं अन् माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हाराचं फूल नेमकं माझ्या उजेड फेकायच्या आरशापुढं आलं. ज्याला उजेडाचं काम त्याच्या तोंडावर फूल! पण फोटो छान आला म्हणे.

जुने विद्यार्थी कोण कुठून आले होते. रामलिंग डॉक्टर आता मोठ्या शहरातला मोठा माणूस. तो माझ्यापुढं बसायला गेला तर टेबल पोटाला अडलं. दोस्त ओरडले, "रामल्या, मशीन मागं सरकव, न्हाई तर पोट घरी ठेवून ये!" तोबी हसला, "पोटाची ओपीडी वेगळी आहे रे!" तवा मलाबी हसू आलं, खोटं कशाला बोलू.

मग शोधनिबंधांचं वाचन. एका तरुण डॉक्टरानं माझ्या भिंगाला मोबाइल लावून फोटो काढलेला एक डोळा पडद्यावर दाखवला. भिंतीएवढा डोळा अन् त्यात तो पांढरा कोंडा, चांदण्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या कार्यक्रमासाठी बोलावलेली नागुबाई मागच्या खुर्चीत बसली होती. ग्यानोबा तिच्या कानात म्हणाला, "मावशी, तुमचाच डोळा हाय तो."

"माझा?" ती मान इकडून तिकडं फिरवून, तुकड्या तुकड्यानं बघत राहिली. "येवढा मोठा? मग येवढ्या मोठ्या डोळ्याला दिसंना कामून?"

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला वाटलं, बल्ब उडवून द्यावा आपला. फाटकन्. अंधार करावा सगळ्यांच्या तोंडावर.

जेवणाच्या आधी खेळ होता, 'ओळखा पाहू'. नवे विरुद्ध जुने. माझ्यापुढं नागुबाईला बसवली. एकेकानं बघायचं, चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून डब्यात टाकायची. ज्यांच्या जास्त बरोबर, त्यांचा संघ जिंकला. रांग लागली. एक उठतोय, एक बसतोय. "भारी!" "क्लासिक!" "आजी, हलू नका हो." तिची मान अवघडली, डोळ्यातनं पाणी गळायला लागलं. ग्यानोबानं पदर हातात दिला, तिनं पुसलं अन् पुन्हा हनुवटी टेकवली. शिस्तीची बाई.

साठाच्या वर चिठ्ठ्या झाल्या तवा दारातनं एक बाई घाईघाईनं आत आली. पायात साधी चप्पल, खांद्याला शबनम. डॉ. लुंबिनी. नऊ वर्षांखाली इथंच, माझ्यावरच शिकली होती. आता रेणापूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात. सकाळचे पेशंट उरकून आली होती.

"लुंबिनी, उशिरा आलीस, शिक्षा म्हणून लगेच बस!" रामलिंग ओरडला. "जुन्यांना एक मार्क कमी पडतोय!"

ती बसली. बाकीच्यांनी नुसता सारून घेतलेला माझा हार तिनं आधी काढून बाजूला ठेवला. मग बटणाला हात न लावता म्हणाली, "आजी, नाव काय तुमचं?"

मित्रांनो, किल्लारीच्या तंबूनंतरबी हा सवाल मी कधीमधी ऐकलाय, पण या खाचेत हनुवटी टेकवलेल्या या बाईला कोणी विचारलेलं ऐकलं न्हाई.

नागुबाईनं हनुवटी उचलली. "दहा वर्सं झाली माय या पेटीपुढं बसून, नाव कोणी इचारलं नव्हतं. नागुबाई."

"गाव?"

"मुखेड."

लुंबिनीचा हात हवेतच थांबला. मग तिनं वाकून बघितलं. दुसऱ्यांनी बघितलं त्याच्या दसपट वेळ बघितलं. डाव्या डोळ्यात माझा सगळा उजेड टाकला. "आजी, काही कळतंय का?"

"त्यात काय कळणार माय. तो कवाच गेला."

"थेंब कोणते टाकता?"

"तेच की. इथं आल्यावर ग्यानोबा टाकतो ते. चुरचुरतंय, अन् मग दिवसभर उजेड सोसत न्हाई."

"अन् घरी?"

"घरी कशाला? वर्साला येवढा मोठा इलाज होतोय की माझा! गावात सांगते मी, तुमचा डोळा एक डॉक्टर बघतो, माझा पन्नास बघतात. छान छान म्हणतात. जेवू घालतात."

लुंबिनीनं खांद्याची शबनम खाली ठेवली. डोळा बधिर करायचा थेंब मागवला, पिवळा रंग लावला, माझी निळी बत्ती लावली अन् दाब मोजायचं माझं चाक फिरवायला लागली. दोन हिरवे अर्धगोल एकमेकांना टेकेपर्यंत फिरवायचं असतं. फिरतच राहिलं चाक. चांगल्या डोळ्याचा दाब वीस-एकवीसच्या आत. कोंडा आता उरलेल्या उजव्या डोळ्यातबी पसरला होता, त्याचा दाब निघाला अडतीस. बघा, बल्ब उडवला असता तर हे कुणाला दिसलं असतं?

विभागाचे प्रमुख डॉ. हणमंतराव मंचावरून म्हणाले, "अगं लुंबिनी, खेळ आहे हा. चिठ्ठी टाक आणि ऊठ, जेवण थंड होतंय."

ती उठून उभी राहिली. आवाज चढवला न्हाई, पण माईक लागला न्हाई.

"सर, चिठ्ठी मी नऊ वर्षांपूर्वीच टाकली. माझ्या परीक्षेची केस हीच होती. तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिले होते. त्या वर्षी यांचा डावा डोळा जिवंत होता सर. मी त्यावर पास झाले आणि पेढे वाटले."

"आज साठ जणांनी बघितलं," ती म्हणाली, "दाब किती आहे, एकानं तरी सांगा."

कुणी बिल्ल्याशी खेळलं, कुणी मोबाइल बघितला. रामलिंगची मान खाली.

हणमंतराव खाली आले. स्टुलावर बसले. स्वतः बघितलं, स्वतः मोजलं. मग हळूच म्हणाले, "ग्यानोबा, यांचा पेपर आण."

ग्यानोबानं परीक्षेच्या कपाटातनं फाईल आणली. आजाराच्या रकान्यात दहा वेळा, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, तेच बरोबर नाव. खाली 'उपचार' म्हणून रकाना. दहाच्या दहा कोरे. दोन नोंदी तर खुद्द हणमंतरावांच्या हाताच्या होत्या.

नागुबाईला काय चाललंय ते कळंना. पण लुंबिनीनं तिच्यापुढं गुडघ्यावर बसून, हात हातात घेऊन, सगळं सांगितलं. गेलेलं येणार न्हाई, उरलेलं राखता येईल. लपवलं न्हाई. नागुबाईनं ऐकून घेतलं. मग एकच सवाल केला.

"मग दहा वर्सं माझ्या डोळ्यात टाकले ते थेंब कशाचे होते?"

ते थेंब होते डॉक्टरांना नीट दिसावं म्हणून, मित्रांनो. तिला दिसावं म्हणून नव्हते. हे तिच्या तोंडावर सांगायची छाती त्या अख्ख्या सभागृहात एकालाच झाली, लुंबिनीला. सांगताना तिला रडू आलं.

नागुबाई तिला म्हणाली, "तू रडू नको. रडून तुझे डोळे खराब व्हतील. मला दवा दे."

त्याच दुपारी दवा सुरू झाली. आठ दिवसांनी हणमंतरावांनी स्वतः ऑपरेशन केलं. उजव्या डोळ्यात ताटाएवढा उजेड उरलाय, तेवढा टिकलाय. सुईत दोरा काही आता ओवत न्हाई. परीक्षेचं कपाट उघडून सगळ्या 'केसां'ना बोलावलं, तर आणखी चौघं निघाले असेच, बिनऔषधाचे. हणमंतराव आता नाव विचारून बत्ती लावतात. चांगलं हाय. पण माझा राग गेला न्हाई, अन् तो जाऊबी नये. एक अख्खा डोळा माझ्या उजेडात, माझ्या देखत विझला.

माझं वंगण सुकलंय, एक चाक अडकतं, मला पुसा न पुसा. माझं मागणं वेगळं हाय. आज घरी गेलात की तुमच्या आजीजवळ बसा, आजोबाजवळ बसा, अन् विचारा, डॉक्टरानं डोळ्यात टाकलेले थेंब कशाचे होते? त्यांना सांगता आलं न्हाई, तर त्यांचा हात धरून दवाखान्यात या, माझ्या खाचेत त्यांची हनुवटी टेकवा, अन् पलीकडच्यानं जबाब दिल्याबिगर ती उचलू देऊ नका.