जांभा बोलत नाही

दोन वर्षं मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. सगळं आत तुंबलंय. तेव्हा आता जरा ऐकून घ्या, आणि मध्ये बोलू नका.

लोक भेटले की पहिला प्रश्न तोच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. हो, सगळं ठरलेलं असतं. कोण जिंकणार, कोण पडणार, कुणाला शिव्या खायच्या, हे खेळाच्या आधी ठरतं, आणि त्या ठरवण्याला आमच्या रेसलिंगमध्ये बुकिंग म्हणतात. माझ्या बापसाला, म्हणजे केरूबाबांना, हे कधी नीट कळलं नाही. बुकिंग म्हटलं की त्यांना गणपतीतली रेल्वेच आठवते. "झालं काय रं तुजं बुकिंग? कन्फर्म, का वेटिंग?" असं विचारायचे. मी हसायचो. खरं तर सगळ्यात शहाणा प्रश्न तेच विचारत होते.

ठरलेलं असलं तरी पाठ खरीच आपटते. हे मात्र कोणी विचारत नाही.

मी सुजय, संगमेश्वराकडचा. चिरेखाणीत ट्रकवर जांभ्या दगडाचे चिरे चढवायचो आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचो. तिथेच मला महिपतने हेरलं. महिपत म्हणजे आमच्याकडच्या अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यांचा समालोचक. काय जीभ होती मेल्याची. साधा रनआउट असा सांगायचा की मासळी विकायला निघालेली बाई टोपली खाली ठेवून उभी राहायची. मुंबईच्या एका शेठने रेसलिंगची कंपनी काढली, त्यात हा मॅनेजर झाला. आमच्यातला मॅनेजर कोट घालून पैलवानाच्या बाजूला उभा राहतो, माईक धरतो आणि त्याच्या वतीने बोलतो. शिवाय शेठला रेसलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे बुकिंगही महिपतच करायचा.

सुरुवातीला मला 'कोकणचा वाघ' केला. अंगाला पिवळे पट्टे, कमरेला शेपटी. पुण्याकडच्या एका खेळात माईक हातात दिला, आणि मी आमच्या बोलीत बोललो, "मी कोनाला भ्यात नाय." सगळं मैदान हसलं. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं, पण ते खोखो हसले. आत आल्यावर महिपत म्हणाला, "अंगाने तू जांभा आहेस रे, पण तोंड उघडलंस की नुसती पेज." मला राग आला होता. त्याने मात्र त्या वाक्यातूनच माझं नाव उचललं.

तेव्हापासून मी जांभा. अंगाला तांबडा रंग, कपाळावर पट्टी, चेहरा थंड. आणि नियम एकच. जांभा बोलत नाही. रिंगमध्ये नाही आणि बाहेरही नाही, कारण हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एक व्हिडिओ गेला की दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात सुरमईकडे बोट दाखवायचो आणि माझी बायको सानिका भाव करायची. घरच्या गणपतीच्या आरतीलाही मी नुसत्या टाळ्या वाजवायचो. पाहुणे कुजबुजायचे की याला फार माज आलाय.

तरीही नुसत्या गप्प बसण्याने कोणी मोठा होत नाही. मी मोठा झालो तो शिमग्यामुळे.

पहिल्याच वर्षी महिपत आमच्या गावी पालखीला आला होता. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली आणि बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या घराला तो मान आहे. बाबा डोळे मिटतात, हात जोडतात आणि देवाशी बोलतात, "बा देवा म्हाराजा, कोनाचं वाकडं झालं आसंल तं सरळ कर." सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." बाबा एक एक मागणं सांगतात आणि प्रत्येकाला गावाचा होकार पडतो. अंगावर काटा येतो हो, खरंच येतो. महिपतच्याही आला असेल. पण त्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यात रेकॉर्डिंग चालू होतं.

पुढच्या खेळात समोरचा पैलवान रिंगमध्ये आला, तसा महिपतने माईक घेतला आणि डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, हा जो कोन फुगून आलाय, त्याची हवा काढ." दोन-चार कोकणी पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा." पुढच्या वाक्याला शंभर ओरडली. तिसऱ्याला सगळं मैदान. मग मी त्या पैलवानाला उचलून आपटला. त्या दिवसापासून बुकिंगमध्ये मी हरलोच नाही.

बाबांना कळलं तेव्हा ते भडकले. "देवाचं हाय ते. तमाशा नाय." महिपत नारळ आणि शाल घेऊन घरी आला, पाया पडला, म्हणाला, "काका, तुमचं गाऱ्हाणं आज सगळा महाराष्ट्र म्हणतोय." बाबा विरघळले. वर तो एका जागी चुकला होता ते त्याला सांगितलं. कुठे थांबायचं, लोकांना होकार द्यायला वेळ कसा द्यायचा, तेही शिकवलं.

मी महिपतकडे एकच गोष्ट मागितली होती. कधीतरी रत्नागिरीत खेळ होईल, तेव्हा विजेत्याचा बेल्ट मला मिळू दे, आणि जिंकल्यावर माईक दे. एकदाच. माझ्या माणसांसमोर मला माझ्या तोंडाने बोलायचं होतं, की मी केरूचा सुजय. मुका नाही, माजोरडा नाही. वाक्य ठरलेलं होतं, मी ते न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघायचो. महिपत म्हणाला, "तुझं बुकिंग झालं समज." मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कन्फर्म?" मी म्हटलं, "कन्फर्म."

गेल्या महिन्यात रत्नागिरीत खेळ लागला. गावाहून टेम्पो भरून माणसं आली. बाबांना पुढच्या रांगेत खुर्ची, डोक्याला फेटा. मी तंबूत अंगाला रंग लावत होतो, तेव्हा महिपत आला.

"निकाल बदललाय," तो म्हणाला. "बेल्ट ऋत्विकला."

ऋत्विक म्हणजे जिममध्ये घडवलेला गोरागोमटा पोरगा. त्याचं सहा महिन्यांचं काम, पण मोबाइलवर लाखभर लोक त्याच्या मागे.

"आणि मी?"

"तू पडणार. मी तुला सोडून त्याच्या बाजूला जाणार. मग कंपनी तुला थोडी विश्रांती देईल." त्याने आरशात बघून कोटाची कॉलर नीट केली. "वाईट वाटून घेऊ नको. तुझ्यावर आता कोणी चिडत नाही, आणि लोक चिडल्याशिवाय तिकिटं खपत नाहीत."

"महिपतदादा, मग मला बोलू दे. हरल्यावर का होईना, एक वाक्य."

"दगड बोलला की संपला रे. लोक हसतील. पुणं विसरलास?"

"बाबा आलेत माझे."

"माहीत आहे. मीच बसवलंय त्यांना पुढे."

तेव्हाच निघून जायला हवं होतं, असं सानिका म्हणते. तिचं म्हणणं सोपं आहे. टेम्पोभर माणसं बाहेर बसली होती, त्यांच्यासमोरून पळून कुठे जायचं? आणि मनात कुठेतरी अजून वाटत होतं, ऐन वेळी महिपत माईक देईल.

रिंगमध्ये गेलो. जांभा, जांभा असा गजर झाला. ऋत्विक आला. महिपत माईक घेऊन मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि हात जोडले. बाबांनी शिकवलं होतं तिथेच थांबला.

"बा देवा म्हाराजा, आज रत्नागिरीत तुजी लेकरं गोळा झालीत."

"व्हय म्हाराजा."

"सगळ्यांना सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा."

"हा जांभा आता झिजला. ह्याचं काम संपलं."

लोक अडखळले. काही पोरं हसली. कुणालाच कळेना की आता काय करायचं. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून एकच आवाज आला, खणखणीत, "व्हय म्हाराजा."

तो आवाज मी पाळण्यातून ऐकत आलोय. मी वळून पाहिलं. बाबा हात जोडून बसले होते, डोळे गच्च मिटलेले. जन्मभर त्यांनी गाऱ्हाणं घातलं, होकार गाव द्यायचा. आज पहिल्यांदाच ते होकार देणाऱ्यांत बसले होते, आणि चोख काम करत होते. बाबांचं ऐकून गावाने होकार दिला, आणि गावाचं ऐकून सगळ्या मैदानाने.

"ह्याला पायरीखाली घाल म्हाराजा, आणि ह्या नव्या पोराला वर आण."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले, सगळ्यांच्या आधी.

मग महिपतने मागून माझ्या गुडघ्यात लाथ घातली. पब्लिक किंचाळलं, तेव्हा बाबांनी डोळे उघडले. पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ऋत्विकने उचलून आपटला आणि मी पडून राहिलो. पंच मोजत होता तेव्हा माझं तोंड बाबांच्या बाजूला होतं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते, आणि फेटा सुटून खांद्यावर आला होता.

येताना टेम्पोत मी बाबांच्या शेजारी बसलो. बावनदीच्या अलीकडे बाबा म्हणाले, "मी देवाला बोल्लो रं. तुला नाय."

"माहीत आहे, बाबा. तुम्ही गप्प राहिला असता तरी मी हरलोच असतो. बुकिंग झालं होतं."

"त्या मेल्याचं बुकिंग आसंल," ते म्हणाले. "गाऱ्हाण्यात होकार दिला की तो लागतो. बापसाचा तर लागतोच."

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण खरं सांगतो, मला राग आला होता त्यांचा. म्हाताऱ्या, निदान डोळे तरी उघडे ठेवायचे होतेस. तोंडावर आलेलं ते वाक्य मी गिळलं. गिळायची सवय झाली होती.

कंपनीचा फोन आला नाही. मी पुन्हा चिरेखाणीत जातो. तिथली पोरं मला अजून जांभाच म्हणतात, आणि मी बोललो की हसतात.

परवा पालखी आली. बाबांनी सकाळीच सांगून टाकलं की यंदा ते गाऱ्हाणं घालणार नाहीत. का, ते कुणी विचारलं नाही. चुलत्याने घातलं. प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणत होता, "व्हय म्हाराजा." बाबा सहाणेच्या कडेला बसले होते, मी त्यांच्या बाजूला उभा होतो. चुलत्याने शेवटचं मागणं घातलं, "गावच्या पोराटोरांना येश दे." गावाने होकार दिला. आम्ही दोघं गप्प राहिलो.