तिसरी टोपी

क्लिफर्डला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्याच्या एकोणसाठ सालच्या मॉरिस मायनरचं इंजिन सुटं होऊन गॅरेजात पडलं होतं. वाचा परत आली, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राही. सहा महिने तो खिडकीशी बसून कीथली गावचा पाऊस बघत होता. शेवटी त्याच्या बायकोनं, ऑड्रीनं, त्याचा तेलकट डगला स्वतःच्या अंगावर चढवला.

"चल. तू सांग, मी करते."

"तुला पाना कुठून धरतात तरी माहितीये का?"

"शाळेत रोज चारशे पोरांचं रांधलंय मी. चार पिस्टन काय बसत नाहीत!"

रॉकेलात सगळे भाग धुवायलाच पंधरवडा गेला. क्लिफर्ड खुर्चीतून डाफरायचा, ती उलट उत्तरं द्यायची. पण काम पुढं सरकत होतं. पिस्टन आत गेले. प्रत्येक पिस्टनचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या आसाला, धरून ठेवायला एकेक लोखंडी टोपी असते. दोन टोप्या आवळून झाल्या, क्रँक हातानं मऊ फिरला. तिसरी आवळली आणि तो जागच्या जागी अडकला.

"जास्त पिळलंस!" क्लिफर्ड ओरडला. "आचाऱ्याचा हात तुझा!"

"तू म्हणालास तेवढंच पिळलंय."

तिनं टोपी काढली, पुसून उजेडात धरली. दांड्यावरचा आकडा एका बाजूला, टोपीवरचा दुसऱ्या बाजूला. पहिल्या दोन्हींचे आकडे एकाच अंगाला होते.

"क्लिफ, ही उलटी बसलीये."

"मी सुलटीच सांगितली होती."

"नाही रे. 'आकडा भिंतीकडं' म्हणालास."

हे इंजिन त्यानं तीनदा उघडलं होतं, डोळे मिटून बांधलं असतं. डाव्या हातानं तो गुडघा चोळत राहिला. ऑड्रीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तसं केलं असतं तर तो उठून घरात गेला असता आणि परत आला नसता, हे ती जाणून होती. तिनं टोपी फिरवून आवळली. क्रँक फिरला.

"चौथीचं सांग," ती म्हणाली.

"गाडीच्या पुस्तकात बघ."

"बघते. पण आधी तू सांग."

त्यानं सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं. बरोबर होतं.

त्यानंतर तेच चालू राहिलं. तो सांगायचा, ती पान उलटायची. कधी त्याचं चुकायचं. मग ती न बोलता पुस्तकाप्रमाणे करायची आणि तोही न बोलता बघायचा.

एप्रिलात एका रविवारी इंजिन सुरू झालं. गॅरेज निळ्या धुरानं भरलं, दोघं खोकत बाहेर आले. क्लिफर्ड मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिला.

"व्हॉल्व्ह सैल वाजतायत."

"मग?"

"मग काय? गार होऊ दे. उद्या झाकण काढ."