स्टेअरिंगवर मीच होते

बेबीनंदा बोर्डे जाफराबादहून पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिकवायला स्वतःची कार चालवत जायची, त्याला चार वर्षं झाली होती. जानेवारीतल्या त्या सकाळी अशी धुई पडली होती की बोनेटच्या पुढचं काही दिसेना. शेजारी नवरा, राजानंद, बसला होता. गाडी हळूच चालली होती, तरी रस्त्यात उभी केलेली कापसाची ट्रॉली तिला दिसली ती अगदी अंगावर आल्यावर. मागं ना लाल दिवा, ना चमकपट्टी. तिनं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं आणि गाडीची डावी बाजू ट्रॉलीवर जाऊन आदळली.

राजानंदचं डावं मनगट मोडलं. त्याच्या बाजूचं दार चेपून अडकलं होतं, म्हणून आधी बेबीनंदा उतरली आणि मग तो तिच्या सीटवरून सरकत ड्रायव्हरच्या दारानं बाहेर आला. ट्रॉलीवाले तोवर धावत आले होते. त्यांनी पाहिलं ते एवढंच की ड्रायव्हरच्या दारातून एक माणूस उतरतोय.

विमा अडकला तो एवढ्यावरूनच.

गाडी जालन्याला तातेराव मिस्त्रीच्या गॅरेजात नेऊन टाकली. विमा कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला, आणि महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग विमा कंपनीच्या मस्तगडच्या ऑफिसातून बोलावणं आलं. दोघं गेले. टेबलामागं सोमेश्वर नावाचे अधिकारी होते.

"मॅडम, गाडी तुमचे मिस्टर चालवून राह्यले होते असा जबाब आलाय. त्यांच्याकडं लायसन न्हाई, म्हणून तुम्ही तुमचं पुढं केलं."

"साहेब, स्टेअरिंगवर मीच होते."

"एवढ्या धुईत, मिस्टर शेजारी असताना, बाई कशाला चालवंल?" सोमेश्वर हसले आणि आवाज खाली आणत म्हणाले, "निम्म्यावर मिटवून टाकू. तसं लिहून द्या, जल्दी पास करतो."

राजानंद तिच्या कानाशी लागला. "घे ना, नंदा. गाडी तरी सुटंल."

"काय लिहून देऊ? मी खोटं बोलले म्हणून?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "दुसरीच्या लेकरांना रोज खरं बोला म्हणून सांगते मी."

"मंग चालवून दाखवा," सोमेश्वर म्हणाले. "खाली माझी गाडी हाय."

ती उठणारच होती. खालच्या गल्लीतून उलटी गाडी काढून तिनं साहेबांचं तोंड बंद केलं असतं. पण अर्धवट उठलेली बेबीनंदा परत खुर्चीत नीट बसली.

"इथं येणाऱ्या दर गड्याला तुम्ही गाडी चालवून दाखवायला लावता का?"

सोमेश्वर समोरची फाइल चाळू लागले.

"मंग मलाच का? परीक्षा देऊन लायसन काढलंय मी. तुमच्यापुढं दुसरी परीक्षा देणार न्हाई. क्लेम नाकारायचा तर नाकारा, पण कारण कागदावर लिहा. बाया गाडी चालवत नसतात असं लिहा आणि खाली सही-शिक्का मारा. तो कागद घेऊन मी वर जाते."

मग तिनं पिशवीतून सरकारी दवाखान्याचे दोन कागद काढले. तिच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं होतं, उजव्या खांद्यापासून छातीवर तिरका काळानिळा वळ. राजानंदच्या कागदावर तोच वळ डाव्या खांद्यापासून होता.

"हा बेल्टचा वळ हाय, साहेब. ड्रायव्हरचा बेल्ट कोणत्या खांद्यावरून येतो ते खाली तुमच्याच गाडीत बघून या."

सोमेश्वरांनी कागद दोनदा वाचले. "पण ट्रॉलीवाले तर..."

"साहेब, मला गाडी येतच न्हाई."

हे राजानंद बोलला. बेबीनंदानं वळून पाहिलं. लग्नाकार्यात लोक 'राजाभाऊ गाडी घेऊन आले' म्हणायचे, तेव्हा हा माणूस नुसता हसायचा. आत्ता त्याचे कान लाल झाले होते.

"दोनदा शिकायला गेल्तो. समोरून ट्रक आला की भ्या वाटतं. कोणाला सांगितलं न्हाई आजवर. लिहून घ्या, मी सही करतो."

त्यानं खरोखर सही केली. दोघं जिना उतरले. शेवटच्या पायरीवर ती म्हणाली, "चहा घेऊ चला," आणि त्याच्या प्लास्टरच्या हाताला गर्दीत धक्का लागू नये म्हणून त्या बाजूनं चालू लागली.

अडीच आठवड्यांनी क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला. आणखी दहा दिवसांनी गाडी तयार झाली.

"भाऊ, एक चक्कर मारून बघा," तातेराव मिस्त्री राजानंदला म्हणाला.

"मॅडम मारतील," राजानंद म्हणाला आणि सावलीत जाऊन उभा राहिला.

बेबीनंदा चक्कर मारून आली ती कपाळाला आठी घालूनच. "डाव्या चाकापाशी कटकट वाजतंय."

"नवीन पार्ट हाय, मॅडम. चार दिवसांत बसंल."

"बिलात नवीन शॉकअप लिहिलाय. चाक काढा, मला बघायचाय."

"आता जेवायचा टाइम झाला..."

"जेवून या. मी बसते."

तिनं प्लास्टिकचं स्टूल उन्हात ओढलं आणि मुलांच्या वह्या तपासायला काढल्या. तातेरावनं तिच्याकडं पाहिलं, वह्यांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं आणि न जेवताच जॅक लावला. चाक निघालं. आत तिचाच जुना शॉकअप होता, ठोकून सरळ केलेला, वरून काळा रंग मारलेला.

"पोरांनी चुकून बसवला असंल," तातेराव पुटपुटला.

"असंल. नवीन बसवा. तवर सही न्हाई."

तीन वाजता नवा बसला. ती पुन्हा चक्कर मारून आली, यावेळी खिडक्या बंद करून, कान देऊन. मगच तिनं कागदावर सही केली.

"आणि तो जुना डिक्कीत टाका," पेनाला टोपण लावत ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला नको."