घडीच्या सायकलचं उंच हँडल

मित्रांनो, मी एक जुनं हँडल आहे. सायकल म्हणजे चाकं आणि पायडल असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. वळायची वेळ आली की सगळे मलाच धरतात. त्यातून माझी सायकल घडीची. मधून दुमडली, मला दांड्यासकट खाली पाडलं आणि कडी लावली, की ती गाठोड्याएवढी होते.

जन्मलो तेव्हा मी साधी सरळ नळी होतो. कारखान्यातल्या यंत्रानं मला दोन्हीकडून वर उचललं आणि टोकं मागे वळवली. त्यामुळे मला धरणाऱ्याला पुढे वाकावं लागत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा पहिला मालक अमरावतीचा यशोधन, रोज व्यायामशाळेत जाणारा. आठवडाभरातच तो म्हणाला, "हे तर पेन्शनरांचं हँडल आहे." त्यानं सरळ हँडल बसवून घेतलं आणि मी बडनेऱ्याला गोपालभाऊंच्या दुकानात खिळ्यावर लटकलो.

शेजार तसा चांगला होता. एका बाजूला सरळ हँडल, लाठीसारखं ताठ. ते बुटकं असल्यानं त्याला खालून लांब दांडा लागतो. दुसऱ्या बाजूला मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, शर्यतवाल्यांचं. कोपऱ्यात मिशीसारखं पसरट एक होतं, ते फारसं कुणाशी बोलत नसे. मला गोपालभाऊ आरामखुर्ची म्हणत. गिऱ्हाइकं मला दाबून पाहत आणि सरळ हँडल घेऊन जात. धूळ बसली, चकाकी गेली. वाईट वाटायचंच, लोखंडाला मन नसतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?

मग प्राजक्ता आली. अकोल्याच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करते. बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोला, तिथून दवाखान्यापर्यंत सायकल, संध्याकाळी परत. घरी फक्त वडील, चंद्रभानबाबा. आई गेल्यावर नांदगाव खंडेश्वरचं शेत बटाईनं देऊन ते लेकीजवळ राहायला आले होते. रात्रीचा घास दोघांनाही एकमेकांशिवाय उतरत नसे. पण प्राजक्ताच्या घडीच्या सायकलला सरळ हँडल. रोज पुढे वाकून तिची मनगटं ठणकत, आणि दिवसभर सुई धरणाऱ्या हातांना ते परवडणारं नव्हतं.

"गोपालभाऊ, हे वरचं द्या मले," ती म्हणाली.

"आरामखुर्ची? तुमी तरुण माणूस."

"मनगट कोठं वय पाह्यते?"

गोपालभाऊंनी मला पुसून तिच्या सायकलच्या दांड्यावर बसवलं. तिनं चक्कर मारली आणि हसत परत आली. सोबत आलेल्या चंद्रभानबाबांनी तर हळदीकुंकू लावून मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. प्राजक्ता सायकलची घडी करायला वाकली, तसा त्यांनी तिचा हात धरला. "आज पूजा झाली तिची. पुजलेल्या सायकलले त्याच दिवशी मोडत नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पेढे खाल्ले. घडी करून कोणीच पाहिली नाही. मित्रांनो, तिथंच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर प्राजक्तानं सायकल दुमडली, मला खाली पाडलं, आणि कडी लागायच्या आतच माझं टोक जमिनीला टेकलं. तिनं दाबलं, एका भल्या प्रवाशानं गुडघा लावला. पण जागाच नाही तर मी बापडा जाणार कुठे? गाडी आली. अर्धवट घडी उचलून ती चढली आणि मी वाटेत आडवा झालो. चांदूर रेल्वेहून संत्री घेऊन निघालेल्या पार्वताबाई म्हणाल्या, "पोरी, ह्या म्हशीले घरी बांधून येत जाय." डबा हसला. मीही हसलो असतो, पण माझी मूठ त्यांच्या टोपलीत अडकली होती.

तिकीट तपासनीस समजूतदार होते. "ताई, पूर्ण घडी होत असेल तर आणा. अशी वाट अडवून नाही चालणार."

रात्री जेवताना प्राजक्तानं बाबांना सगळं सांगितलं. अकोल्यात उतरल्यावर सायकल नसली तर कामावर वेळेत पोचणं अवघड, आणि सरळ हँडल परत लावावं तर मनगटं ठणकणार. "मंग तिथंच खोली पाहा लागन," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"पाह्य. एका खोलीत दोघं कायले? मी जातो नांदगावले. तिथं माणसंच माणसं हायेत."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. ती झोपायला गेल्यावर बाबांनी पिशवीत दोन सदरे भरले, गोळ्यांचा डबा ठेवला, आणि प्राजक्ताच्या आईचा फोटो धोतरात गुंडाळून सगळ्यात वर ठेवला. गावात माणसं होती हे खरं. लेक नव्हती.

सुट्टीच्या दिवशी गोपालभाऊ म्हणाले, "काढतो आरामखुर्ची. सरळच बरं." पाना माझ्या गळ्याला लागला. मला खिळा दिसायला लागला.

"थांबा," प्राजक्ता म्हणाली. ती दुकानाच्या फरशीवर चक्क आडवी झाली आणि गाल टेकवून घडीकडे खालून पाहत राहिली. "हँडलचं काई चुकलं नाई. ते आधीच उंच हाय, अन् दांडा सरळ हँडलचा, लांब. दोघंही उंच होऊन राहिले. ह्याले आखूड दांडा पायजे."

गोपालभाऊंनी डोकं खाजवलं. "दांड्याकडं पाह्यलंच नाई मी."

आखूड दांडा नागपूरहून आला. तो येईपर्यंत प्राजक्तानं रिक्षामागे धावून, उशिरा पोचून रोज दवाखान्यातल्या साहेबांची बोलणी खाल्ली. दांडा बसला, मी खाली आलो आणि कडी खट्‌कन लागली. "अजून एकडाव कर," बाबा म्हणाले. तिनं केली. "अजून," म्हणाले. तिनं तीही केली.

म्हणून सांगतो मित्रांनो, घडीची सायकल दिसली की हँडल सरळ आहे की उचललेलं, दांडा लांब आहे की आखूड, ते नीट बघा. आमच्या सांध्यांना तेलाचा थेंब द्या, मुठी पुसत जा. आणि खिळ्यावर टांगलेल्याला निकामी म्हणण्याआधी, त्याची जोडी कोणाशी लावली होती ते विचारा.

दांडा बसला त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबा गुपचूप पिशवीतले सदरे काढू लागले. प्राजक्ता दारात उभी होती.

"बाबा, पिशवी कायले भरली होती?"

"धुवायचे कपडे होते."

"अन् आईचा फोटो?"

बाबांनी फोटो जागेवर ठेवला, रिकामी पिशवी झटकली आणि माझ्या मुठीला अडकवून म्हणाले, "उद्या येताना भाजी आणजो."