पालथी पायली

मित्रांनो, टाळ जरा खाली ठेवा आणि जवळ सरकून बसा. मारुतीरायाच्या साक्षीने एक घडलेली गोष्ट सांगते.

मी धान्य मापायची एक जुनी शिसवी पायली आहे. चौकच्या सुताराने मला घडवलं आणि लोधिवलीच्या देवळात ठेवलं. त्या वर्षीच्या सप्ताहात बुवांनी मध्येच चिपळ्या थांबवल्या. "मासे मारायला डोहात विष कालवता आणि तेच पाणी देवाच्या डोक्यावर घालता?" सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी खालची चार गावं आणि डोंगरावरच्या तीन वाड्या जमल्या. माझ्यावर हात ठेवून करार झाला. वाड्यांनी मासे, मध आणावा, गावांनी तांदूळ मापून द्यावा. पण नदी नासवणाऱ्यापुढे मला पालथं ठेवायचं आणि वर्षभर त्याचा माल घ्यायचा नाही.

माझा मान मोठा. बाया मला हळदकुंकू लावत. एक मात्र सलत असे. मी पालथी पडे ती वाडीवाल्यांपुढेच. गावाचा माल कोणी तपासलाच नाही.

भातावर फवारणीचं औषध आलं त्या भादव्यात वाडीची कोंडी टोपलीभर मेलेले मासे घेऊन बाजारात आली. मला सांभाळणारे, कीर्तनात झांजा धरणारे आबाजी पुढे झाले. त्यांनी मला तिच्यापुढे पालथं घातलं.

"डोहात इख घातलंस ना गं?"

"इकाया कुनी आनलेत? दावाया आनलेत!"

शेजारी बाजार मांडून बसलेली मोतीबाई हसली. "मेलेलं मासं मिरवाया आली बया!"

कोंडीने टोपलीच्या तळातून औषधाचा डबा काढला. त्यावर आबाजींची चुन्याची खूण होती.

"वळखा, बाबा. वरच्या वढ्यात धुतलात नव्हं? डोह मेला. आता तांदळाच्या बदली काय आनू? पोरांस्नी दगुड शिजवू?"

पुढच्या बाजारी आबाजींनी स्वतःच्या डोक्यावरून तांदूळ आणला आणि त्यापुढे मला आपल्या हाताने पालथं ठेवलं.

"कोंडे, मला ठावं नव्हतं गं. पर तुमच्या मानसांस्नी आमी कवा इचारलं, ठावं व्हतं का म्हनून?"

वर्षभर त्यांचा दाणा कोणी घेतला नाही. डोह पुन्हा माशांनी भरेपर्यंत चारही गावांनी वाडीला तांदूळ पुरवला.

आता सरकारी मापं आली. मी देवळाच्या कोपऱ्यात धूळ खाते. नदीत येणारं विष डब्यात मावत नाही, आणि मला पालथं घालायला कोणी येत नाही. मित्रांनो, मला पुसून ठेवा. दुसऱ्याची टोपली बघण्याआधी आपला डबा कुठे धुतला ते आठवा.

आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा कोंडीची आठवण काढा. मेलेले मासे डोक्यावर घेऊन ती डोंगर उतरली होती, विकायला नव्हे.